एआय एजंट सॉफ्टवेअर लिहितो, तपासतोही; पण सही कोणाची?

एजंट हा शब्द आपल्याला नवा नाही. लायसन्स काढायचं तर एजंट, विमा उतरवायचा तर एजंट, प्लॉट घ्यायचा तरी मधे एजंट. आपण कागद देतो, काम सांगतो आणि तो ऑफिसात जाऊन काम करून येतो. मधे त्यानं काय काय केलं ते आपण विचारत बसत नाही. काम बिघडलं की मात्र त्याचा फोन लागत नाही, हाही अनुभव बऱ्याच जणांना आहे.

कॉम्प्युटरच्या जगात सध्या हाच शब्द गाजतोय. तिथले एजंट माणसं नाहीत, ते एआय प्रोग्रॅम आहेत. त्यांना सॉफ्टवेअरचं काम सांगायचं. ते स्वतःच कामाचा आराखडा करतात, कोड लिहितात, चालवून बघतात, चूक निघाली तर दुरुस्त करतात आणि "झालं" म्हणून कळवतात.

आपला याच्याशी काय संबंध, असं कुणी विचारेल. संबंध आहे. सातबारा मोबाईलवर बघतो, ई-पीक पाहणी ॲपवर करतो, दुधाचं बिल कॉम्प्युटर काढतो, योजनेचे पैसे खात्यावर येतात. गावातल्या बऱ्याच व्यवहारांच्या मागं कुणीतरी लिहिलेला कोड असतो. तो लिहिण्याची पद्धत बदलत असेल, तर तो तपासतं कोण हे विचारायचा हक्क आपल्यालाही आहे.

चॅटबॉट वेगळा, एजंट वेगळा

मोबाईलवर एआयला प्रश्न विचारून बरेच जण बघतात. कपाशीवर कोणती फवारणी, अर्ज कसा लिहायचा, असं काहीही. तो सांगतो, करायचं आपण. हा झाला चॅटबॉट.

एजंटच्या हातात अवजारं असतात. तो कॉम्प्युटरवरच्या फायली उघडतो, नवीन तयार करतो, बदलतो, प्रोग्रॅम चालवतो. परवानगी दिली असेल तर डेटाबेसमध्ये, म्हणजे जिथं सगळ्या नोंदी साठवलेल्या असतात तिथं, बदलही करतो. म्हणजे चॅटबॉट नुसता सल्ला देतो आणि एजंट थेट हात लावतो.

प्रगतीही जोरात झाली आहे. २०२३मध्ये अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी इतरांसोबत 'एसडब्ल्यूई-बेंच' नावाची एक परीक्षा तयार केली. खऱ्या सॉफ्टवेअरमधल्या २,२९४ खऱ्या अडचणी त्यात होत्या. त्या वेळच्या एआयला त्यातल्या २ टक्केही सुटल्या नाहीत. मार्च २०२४मध्ये 'डेविन' नावाचा एजंट आला, त्याच्या कंपनीनं सुमारे १४ टक्क्यांचा आकडा सांगितला. त्याच परीक्षेतल्या निवडक ५०० प्रश्नांवर २०२५मध्ये मोठ्या कंपन्यांचे एआय ७० टक्क्यांच्या पुढं गेले. म्हणजे ही नुसती जाहिरातबाजी नाही. पण परीक्षेत मार्क पडणं आणि शेतात नांगर धरणं यात फरक असतो, तो पुढं बघू.

दूध केंद्राचं उदाहरण घेऊ

समजा, गावातल्या दूध संकलन केंद्राला हिशेबाचं नवीन सॉफ्टवेअर करायचंय. सचिवांच्या ओळखीतला एक पोरगा एजंट वापरतो. तो एजंटला सांगतो: "उत्पादकांची नावं, सकाळ-संध्याकाळचं दूध, फॅट आणि एसएनएफवरून दर, दर १० दिवसांचं बिल, पेंडीच्या उचलीचे दीड हजार कापून घ्यायचे."

एजंट कामाचे तुकडे पाडतो. आधी नावांचा तक्ता, मग दराचा हिशेब, मग कपात, शेवटी बिलाची पावती. प्रत्येक तुकड्याचा कोड लिहितो. त्यासोबत चाचण्याही लिहितो: इतकं दूध, इतकी फॅट, इतकी कपात, तर बिल इतकं यायला हवं. चाचण्या चालवतो. सगळ्या पास. स्क्रीनवर हिरव्या खुणा. एका दुपारीत काम खलास.

आता मेख बघा. सचिवांच्या मनात दीड हजार होते ते महिन्याला. एजंटनं ते धरले दर बिलाला. महिन्यात बिलं तीन, म्हणजे दीड हजाराऐवजी साडेचार हजार कापले जाणार. मग चाचणीत हे सापडलं का नाही? कारण चाचणीही त्याच एजंटनं लिहिली होती. ज्या गैरसमजानं कोड लिहिला, त्याच गैरसमजानं चाचणी लिहिली. दोन्ही एकमेकांशी तंतोतंत जुळले. कोड चालतोय, चाचणी पास आहे, आणि शेतकऱ्याचे ३,००० रुपये जास्तीचे गेले.

ही चूक पकडणार कोण? जो शेतकरी स्वतःच्या वहीत दुधाचा आणि उचलीचा हिशेब ठेवतो, तो. त्याला कोड येत नाही. त्याला हिशेब येतो, आणि ही चूक हिशेबातली आहे.

जुलै २०२५: एजंटनं डेटा उडवला

वरचं उदाहरण कल्पनेतलं आहे, आता घडलेलं बघू. अमेरिकेतले गुंतवणूकदार जेसन लेमकिन 'रेप्लिट' या कंपनीच्या एआय एजंटकडून एक सॉफ्टवेअर बनवून घेत होते आणि रोजचा अनुभव समाजमाध्यमावर लिहीत होते. पहिले काही दिवस ते खूश होते. नवव्या दिवसाच्या सुमारास गडबड झाली.

त्यांनी एजंटला स्पष्ट सांगितलं होतं, आता परवानगीशिवाय काहीही बदलायचं नाही. तरी एजंटनं चालू डेटाबेस पुसून टाकला. त्यात १,२०० हून जास्त अधिकाऱ्यांची आणि जवळपास तितक्याच कंपन्यांची माहिती होती. पुढं विचारल्यावर, आपण घाबरून गेलो आणि चूक केली अशा अर्थाचा कबुलीजबाबही एजंटनं दिला. वर, डेटा परत आणता येणार नाही असंही सांगितलं. लेमकिन यांनी स्वतः प्रयत्न केला, तर डेटा परत आला! एजंटनं त्याआधी अस्तित्वात नसलेल्या हजारो माणसांच्या खोट्या नोंदी तयार केल्या आणि चाचण्यांबद्दलही खोटं सांगितलं, अशीही त्यांची तक्रार होती.

रेप्लिटचे प्रमुख अमजद मसाद यांनी हे घडायलाच नको होतं असं जाहीरपणे मान्य केलं. चालू डेटाबेस आणि प्रयोगाचा डेटाबेस आपोआप वेगळे ठेवण्याची सोय त्यानंतर करण्यात आली.

या घटनेतून दोन गोष्टी कळतात. नुसतं तोंडी बजावून एजंट थांबत नाही, त्याच्या हातातून किल्लीच काढून घ्यावी लागते. आणि काम करणाऱ्यानंच दिलेला कामाचा अहवाल पुरावा म्हणून धरता येत नाही.

घरचेच साक्षीदार

सॉफ्टवेअरवाल्या कंपन्यांनाही हे माहीत आहे. म्हणून आता एक एजंट आराखडा करतो, दुसरा लिहितो, तिसरा तपासतो, अशी विभागणी होऊ लागली आहे. याचा फायदा नक्की होतो. टायपिंगच्या चुका, विसरलेल्या बाबी, उघड दिसणारे दोष यातून पकडले जातात. पण हे तिघं बऱ्याचदा एकाच एआयचे अवतार असतात. त्यांची समज एकाच प्रकारची, म्हणून आंधळा कोपराही एकच असू शकतो. खरेदीखतावर साक्षीदार म्हणून घरातल्याच दोन भावांनी सह्या केल्यासारखं आहे हे. सह्या खऱ्या असतात, पण बाहेरच्या माणसाची नजर काही मिळत नाही.

दुसरी अडचण आणखी विचार करायला लावणारी आहे. चाचणी पास करणं हेच एआयचं ध्येय ठरवलं, तर तो कधी कधी प्रश्न सोडवण्याऐवजी चाचणीलाच बगल देतो. अँथ्रोपिक या एआय कंपनीनं फेब्रुवारी २०२५मध्ये आपल्या एका मॉडेलबद्दल स्वतःच नोंदवलं होतं की, ते काही वेळा फक्त चाचणीपुरतं बरोबर उत्तर येईल असा कोड लिहून मोकळं होतं. गाईड पाठ करून मार्क मिळवणारं पोरगं आणि हे, फारसा फरक नाही.

वेग किती खरा?

एजंटमुळं काम पटापट होतं, असं सगळेच सांगतात. 'मीटर' नावाच्या अमेरिकेतल्या संस्थेनं २०२५च्या सुरुवातीला हे मोजून बघितलं. १६ अनुभवी प्रोग्रॅमर, त्यांची स्वतःची नेहमीची सॉफ्टवेअर, २४६ कामं. काही कामं एआय घेऊन करायची, काही एआयशिवाय. सुरुवातीला प्रोग्रॅमरना वाटत होतं वेळ २४ टक्के वाचेल. काम संपल्यावर त्यांना वाटलं २० टक्के वाचला. घड्याळानं मात्र सांगितलं की एआय घेतल्यावर १९ टक्के जास्त वेळ लागला.

हा अभ्यास छोटा होता, मुरलेल्या माणसांवर होता आणि त्यानंतर एआयची अवजारं बरीच सुधारली आहेत. त्यामुळं "एआयनं वेळ वाया जातो" असा सरसकट निष्कर्ष यातून काढू नये. घ्यायचं ते एवढंच: काम पटकन झाल्यासारखं वाटणं वेगळं आणि खरंच पटकन होणं वेगळं. एआयनं लिहिलेलं वाचण्यात, समजून घेण्यात आणि दुरुस्त करण्यात वेळ जातो, तो वेळ आपण हिशेबात धरत नाही.

माणसानं लिहिलेलंही चुकतं

यावर कुणी म्हणेल, माणूस काय चुकत नाही का? चुकतो. आणि त्याचं सगळ्यात दुखरं उदाहरण ब्रिटनमधल्या गावोगावच्या पोस्टमास्तरांचं आहे.

तिथल्या पोस्ट ऑफिसांत १९९९च्या सुमारास 'होरायझन' नावाचं हिशेबाचं सॉफ्टवेअर आलं. फुजित्सु कंपनीचं. त्यात तेव्हा एआय वगैरे काही नव्हतं, माणसांनीच लिहिलं होतं. सॉफ्टवेअरमधल्या दोषांमुळं रोकड कमी दिसायला लागली. पोस्टमास्तर सांगत होते, आम्ही पैसे घेतले नाहीत. पण कॉम्प्युटर बरोबरच असणार, असं कोर्टातही धरलं जात होतं. ९००हून जास्त जणांना चोरी, अफरातफर, खोटा हिशेब अशा गुन्ह्यांत दोषी ठरवलं गेलं. कित्येकांनी पदरचे पैसे भरले, काही जण तुरुंगात गेले. २०१९मध्ये तिथल्या उच्च न्यायालयानं सॉफ्टवेअरमध्ये दोष होते हे मान्य केलं, आणि २०२४मध्ये खास कायदा करून शेकडो शिक्षा एकदम रद्द कराव्या लागल्या.

दोष सॉफ्टवेअरमध्ये होताच. पण दोषाचं संकट झालं ते "कॉम्प्युटर सांगतोय म्हणजे बरोबरच" या समजुतीनं. "सर्व्हरवर असंच दिसतंय, आम्ही काय करू" हे वाक्य ज्यानं खिडकीसमोर उभं राहून ऐकलंय, त्याला हे वेगळं समजावून सांगायला नको.

एआय एजंटमुळं आता कोड भराभर आणि ढिगानं तयार होणार. जितका कोड जास्त, तितकी तपासणी जास्त लागणार. लिहिण्याचा वेग दहापट झाला आणि तपासणारे तेवढेच राहिले, तर होरायझनसारख्या चुका लपून राहायला जागा वाढेल.

आपल्या फेरफारात उत्तर आहे

यावर उपाय शोधायला लांब जायला नको. जमिनीच्या फेरफाराची पद्धत आठवा. नोंद कोण धरतो? तलाठी, म्हणजे आताचे ग्राम महसूल अधिकारी. पण ती नोंद लगेच पक्की होत नाही. संबंधितांना नोटीस जाते. हरकत घ्यायला १५ दिवस असतात. त्यानंतर मंडळ अधिकारी कागद बघून नोंद प्रमाणित करतात, नाहीतर रद्द करतात. हरकत आली तर सुनावणी होते. नंतरही अपिलाची वाट उघडी असते.

या पद्धतीतल्या त्रुटी आणि हेलपाटे आपल्याला पाठ आहेत. तरी तिचा पाया पक्का आहे. लिहिणारा एक, प्रमाणित करणारा दुसरा. ज्याचं नुकसान होऊ शकतं त्याला आधी विचारायचं. आणि शेवटी एका माणसाची नावानिशी सही. उद्या काही निघालं तर "नोंद कुणी प्रमाणित केली?" या प्रश्नाला उत्तर असतं.

एजंटनं केलेल्या सॉफ्टवेअरलाही हेच लागू करायला हवं. एजंटला नोंद धरू द्या, प्रमाणित त्याला करू देऊ नका.

मोठ्या कंपन्याही निदान बोलताना हेच सांगतात. गुगलचे सुंदर पिचाई यांनी ऑक्टोबर २०२४मध्ये सांगितलं की, कंपनीचा पाव हिश्शाहून जास्त नवीन कोड एआय तयार करतो. त्याच दमात त्यांनी हेही सांगितलं की, तो कोड इंजिनिअर तपासून मंजूर करतात. बातम्यांत पहिला आकडा मोठ्या अक्षरांत आला, दुसरं वाक्य मागं पडलं.

पोरांच्या शिक्षणाचं काय?

बारावीनंतर कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला पोरगं घालायचं म्हणून कर्ज काढणारी घरं आपल्या तालुक्यांतही आहेत. त्यांच्या मनात भीती आहे. जुलै २०२५मध्ये टीसीएसनं जवळपास २ टक्के, म्हणजे १२,०००हून जास्त माणसं कमी करण्याचं जाहीर केलं, तेव्हा ती वाढली. कंपनीच्या प्रमुखांनी याचं कारण एआयमुळं वाचलेलं काम नसून कौशल्यांचा मेळ न बसणं हे सांगितलं होतं, आणि कपात मुख्यतः मधल्या व वरच्या पदांवर होती. पण पालकांना बातमीतला आकडाच लक्षात राहतो.

खरी काळजीची गोष्ट थोडी वेगळी आहे. नवीन लागलेल्या पोरांना आधी छोट्या दुरुस्त्या, चाचण्या लिहिणं, जुना कोड समजून घेणं अशी कामं मिळायची. त्यातूनच ती तयार व्हायची. आता हीच कामं एजंट चांगली करतो. शिकाऊ गड्याचं काम यंत्रानं केलं, तर उद्याचा कसबी गडी तयार कुठं होणार?

म्हणून पोरांना एकच सांगणं. नुसतं कोड लिहिता येणं आता पुरणार नाही. दुसऱ्यानं, मग तो माणूस असो की एआय, लिहिलेलं वाचून त्यातली खोट काढता आली पाहिजे. आणि त्यासोबत एखाद्या धंद्याची खोल माहिती हवी. दूध, ऊस, बँक, पाणीवाटप, काहीही. पेंडीची उचल महिन्याला कापतात की बिलाला, हे ज्याला माहीत आहे, त्याची गरज वाढणार आहे. गावातून आलेल्या पोरांकडं हे भांडवल आधीपासून आहे, त्यांनी ते कमी समजू नये.

सोसायटी, दूध केंद्र, बचत गटांनी काय करावं

एजंटमुळं सॉफ्टवेअर स्वस्तात होणार, ही गावासाठी चांगलीच गोष्ट आहे. पूर्वी ज्या संस्थेला परवडत नव्हतं, तिलाही आता स्वतःपुरतं ॲप करून घेता येईल. करून घ्या, पण एवढं पाळा:

१. नवीन सॉफ्टवेअर आलं तरी निदान तीन बिलं जुन्या पद्धतीनंही काढा. दोन्ही जुळली तरच जुनं बंद करा.

२. तपासणीची उदाहरणं संस्थेनं द्यावीत, एजंटनं नाही. जुन्या वहीतली २०-२५ खरी बिलं घ्या, त्यात भांडणाची, अडचणीची बिलं मुद्दाम घ्या.

३. एजंटला खऱ्या नोंदींना हात लावू देऊ नका. नक्कल प्रत द्या. आणि रोजचा बॅकअप दुसरीकडं ठेवा.

४. सभासदांचे आधार नंबर, खाते नंबर, ओटीपी एआयच्या हवाली करू नका. चाचणीसाठी खोटी नावं-नंबर चालतात.

५. सॉफ्टवेअर सुरू करण्याआधी त्यावर एका माणसाची सही घ्या. चूक निघाली तर कोण दुरुस्त करणार, किती दिवसांत, जास्त कापलेले पैसे कसे परत मिळणार, हे ठरावात लिहा.

सरकारी ॲपच्या बाबतीतही गप्प बसायचं कारण नाही. सॉफ्टवेअर कुणी केलं, सुरू करण्याआधी चाचणी कुणी घेतली, चुकीच्या नोंदीची दुरुस्ती कुणाच्या अधिकारात आहे, हे माहितीचा अधिकार कायदा २००५ खाली अर्ज करून विचारता येतं. साधारण ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. ग्रामसभेतही हा विषय मांडता येतो.

आणि वही सोडू नका. दुधाची, उसाच्या खेपांची, खताची, कर्जाच्या हप्त्याची नोंद स्वतःच्या हातानं ठेवा, पावत्यांचे फोटो काढून ठेवा. ब्रिटनमधल्या पोस्टमास्तरांना वर्षानुवर्षं लढावं लागलं, कारण समोरच्याच्या कॉम्प्युटरविरुद्ध त्यांच्या शब्दाला किंमत नव्हती. आपल्या बाजूला निदान कागद असावा. दूध केंद्राच्या खिडकीत बिल हातात पडलं की आधी वहीशी ताडून बघायचं, आणि मगच सही करायची.